राजारामपुरीतील निर्यात मार्गदर्शन वर्ग : चार शनिवारांचा अनुभव

कोल्हापुरातील राजारामपुरीत भरणाऱ्या एका निर्यात मार्गदर्शन वर्गाचे चार शनिवार मी सप्टेंबर 2025 मध्ये पूर्ण केले. आमचा व्यवसाय कोल्हापुरी चपलांचा आहे. अमेरिकेने 7 ऑगस्टला भारतीय मालावर 25 टक्के आणि 27 ऑगस्टला आणखी 25 टक्के शुल्क चढवले, तेव्हा तिकडच्या गिऱ्हाइकाने तयार माल थांबवून ठेवायला सांगितले. देशादेशांत शुल्क कमी करण्याची बोलणी होतात म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्याची गरज मला त्या दिवशी पहिल्यांदा तीव्रतेने जाणवली.

शिकवणारे सर अनेक वर्षे सीमाशुल्काच्या कामात होते आणि त्यांची हातोटी उत्तम आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन हिशोब मांडले. 1964 ते 1967 च्या केनेडी फेरीत, म्हणजे अनेक देशांनी एकत्र केलेल्या शुल्काच्या बोलणीत, औद्योगिक मालावरचे शुल्क सरसकट निम्मे करण्याचे धोरण होते. त्या हिशोबाने 40 चे 20 आणि 10 चे 5 होतात. त्यानंतरच्या टोकियो फेरीत स्विस सूत्र आले. त्यातील गुणांक 10 धरला, तर 40 ला 10 ने गुणून दोघांच्या बेरजेने, म्हणजे 50 ने भागायचे, म्हणजे 40 चे थेट 8 होतात आणि 10 चे मात्र 5 च राहतात. चढे शुल्क अधिक छाटायचे असेल तर सूत्र कोणते निवडायचे, यावरच आधी रस्सीखेच का होते, हे मला या दोन ओळींत उमगले.

भारत-ब्रिटन करारावरचा तास सर्वांत उपयोगी ठरला. जानेवारी 2022 मध्ये सुरू झालेली ही बोलणी 6 मे 2025 रोजी संपली आणि 24 जुलैला करारावर सह्या झाल्या. भारतीय मालाच्या 99 टक्के शुल्क-ओळींवर, म्हणजे शुल्काच्या यादीतील मालाच्या प्रकारांवर, ब्रिटन शुल्क काढणार, चामड्याचा मालही त्यात आहे आणि बदल्यात आपण व्हिस्कीवरचे 150 टक्के शुल्क आधी 75 वर आणि दहाव्या वर्षी 40 वर आणणार, हे वर्तमानपत्रात वाचले होते. तथापि सरांनी माझ्या हातातली चप्पल मागून घेतली, उलटी केली आणि तळाला चिकटवलेल्या रबरावर बोट ठेवले. तळ चामड्याचा आणि वर पायावरून व अंगठ्याभोवती चामड्याचे पट्टे असतील, तरच ती सीमाशुल्काच्या वर्गवारीतील 6403.20 या उपशीर्षकात बसते. तळाचे साहित्य ठरवताना जमिनीला सर्वाधिक टेकणारा भाग पाहतात, त्यामुळे पूर्ण रबर लावलेली तीच चप्पल दुसऱ्या ओळीत जाते. परदेशी गिऱ्हाइकाचा पाय घसरू नये म्हणून आम्ही कित्येक वर्षे रबर लावत आलो आहोत, पण कागदावर मात्र जुनाच क्रमांक चालू ठेवला होता. सवलत ओळीनुसार मिळते, हे त्या एका बोटाने शिकवले.

शिरोलीचे एक फाउंड्रीवाले, म्हणजे धातूचे ओतकाम करणारे, वर्गात होते. दोन्ही सरकारांचे जमले की आपल्याही मालाचे शुल्क उतरेल, असा त्यांचा समज होता. पोलाद व अॅल्युमिनियमवरचे शुल्क अमेरिकेने वेगळ्या कायद्याखाली लावून 4 जून 2025 पासून 50 टक्के केले होते, त्यामुळे देशनिहाय शुल्काची बोलणी यशस्वी झाली तरी ते आपोआप कमी होत नाही, हे सरांनी त्यांना स्पष्टपणे सांगितले. खोटी आशा न दाखवणारा असा सल्ला दुर्मिळ आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. छापील टिपणातील अमेरिकेचा तक्ता ऑगस्टपूर्वीचा होता, तो आम्हाला वहीत हाताने दुरुस्त करावा लागला. उगम-नियमांना जेमतेम अर्धा तास मिळाला. वास्तविक माल भारतातच तयार झाला हे सिद्ध करता आले नाही, तर करारातील शून्य शुल्क आपल्या वाट्याला येतच नाही. आयात केलेले बक्कल किंवा तयार तळ वापरणाऱ्यांना तर हा विषय पूर्ण एका दिवसाचा आहे. उगमाच्या दाखल्याचा अर्ज भरून दाखवण्याचेही राहून गेले.

फी मला वाजवी वाटली. इचलकरंजी, हुपरी आणि कागलकडून येणाऱ्यांनी आपल्या मालाचा नमुना आणि मागच्या दोन-तीन निर्यातीची बिले सोबत आणावीत. सर ती प्रत्येकाची स्वतंत्रपणे तपासतात.