रेप्टाइल डेटाबेस: नवीन पालीचं नाव तपासायचंय? मग आधी इथे जा

छोट्या पालींचे फोटो काढणारं कुणीही "ही कुठली पाल?" असं विचारलं की मी पहिल्यांदा ही साइट सांगतो. पीटर उएट्झ यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली, आज जगभरातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या १२ हजारांहून जास्त जातींची नोंद तिथे आहे, सगळं फुकट, लॉगिन बिगिन काही नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, फोटो टाकला की नाव सांगणारी ही साइट नाही. तशी ॲप वेगळी आहेत आणि घरातल्या पालीसाठी ती ठीक चालतात, पण गेल्या एकदोन वर्षांत नाव मिळालेल्या पालीसाठी त्यांच्यावर विसंबू नका, कारण ती ॲप आधी नाव दिलेल्या फोटोंवरून शिकतात आणि नवीन जातीचे तसे फोटोच कमी असतात, जे असतात तेही बऱ्याचदा जुन्या नावाखाली पडलेले. एका ॲपने मला दिवसाढवळ्या खडकावर बसलेल्या निमास्पिसला (हा छोट्या पालींचा एक गट) सरळ घरातली पाल म्हणून सांगितलं! डोळा बघितला तरी कळतं हो, निमास्पिसची बाहुली गोल आणि बोटं बारीक, नखंवाली, त्यांना पॅड नाहीत, आणि घरातल्या पालीची म्हणजे हेमिडॅक्टिलसची बाहुली उभी आणि बोटांना रुंद पॅड. एवढं ओळखता आलं की जीनस (म्हणजे जवळच्या जातींचा गट, नावातला पहिला शब्द) हातात आला, आणि या साइटची खरी मजा तिथून सुरू होते.

ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये जीनस टाका, देश किंवा राज्य टाका, की यादी एकदम छोटी होते. छोट्या पालींच्या बाबतीत जागा हा सगळ्यात मोठा पुरावा आहे हे माझं ठाम मत आहे, कारण यातल्या कितीतरी जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्याच सापडतात. उदाहरण म्हणून निमास्पिस व्हॅनगॉगी बघा. २०२४ मध्ये ईशान अगरवाल, अक्षय खांडेकर आणि तेजस ठाकरे यांनी शोधनिबंधात नवीन जात म्हणून तिचं वर्णन केलं, तमिळनाडूतल्या श्रीविल्लिपुत्तूरच्या डोंगरातली जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची पाल, नराचं डोकं आणि पुढचा भाग पिवळा, पाठीवर फिकट निळे ठिपके, म्हणून चित्रकार व्हॅन गॉगचं नाव. त्याच पेपरमध्ये त्याच डोंगरातली दुसरी नवीन जात पण आहे, निमास्पिस सथुरागिरिएन्सिस. म्हणजे नुसती जागा जुळली म्हणून झालं असं नाही, तिथून पुढे मूळ पेपरच उघडावा लागतो, आणि या साइटवर प्रत्येक जातीच्या पानावर त्या पेपरचा संदर्भ असतो, शिवाय होलोटाइप (ज्या नमुन्यावरून जातीला नाव दिलं तो) कुठल्या म्युझियममध्ये ठेवलाय, टाइप लोकॅलिटी (तो नमुना सापडला ती जागा) कुठली, नाव कशावरून पडलं हे पण बऱ्याचदा असतं.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो जुन्या नावांचा भाग. द्रविडोगेको अनामलेन्सिस या पालीचं पान उघडून बघा. ग्युंथर या शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये वर्णन केलं, १९३३ मध्ये स्मिथ या दुसऱ्या शास्त्रज्ञाने तिच्यासाठी वेगळा जीनस केला, १९९५ मध्ये तिला उचलून हेमिडॅक्टिलसमध्ये टाकलं, नंतर डीएनएवरून कळलं की ती बाकीच्या हेमिडॅक्टिलसपासून फार आधी वेगळी झालीये, आणि २०१९ मध्ये जुना जीनस परत आला तो एकदम सहा नवीन जाती घेऊन! इतकी वर्षं सगळ्यांना एकच जात समजत होते. जुन्या यादीत हेमिडॅक्टिलस अनामलेन्सिस असं दिसलं तर ती या सगळ्या जातींपैकी कुठलीही असू शकते, आणि हा घोळ या पानाशिवाय सुटतच नाही.

आता मर्यादा. डिझाइन जुन्या पद्धतीचं आहे, मोबाइलवर वाचताना डोळे ताणतात, लॅपटॉपवरच बघा. फोटो प्रत्येक जातीचा मिळेल असं नाही. डायग्नोसिस, म्हणजे जात ओळखायची लक्षणं, कुठे सविस्तर तर कुठे अजिबात नाही. आणि भाषा शास्त्रज्ञांची, एसव्हीएल म्हणजे नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी (शेपूट तुटून परत येते म्हणून ती धरत नाहीत), फिमोरल पोअर म्हणजे नराच्या मांडीखालची छिद्रं, असे दहाबारा शब्द शिकून घ्यावे लागतात. ती छिद्रं, खवल्यांच्या ओळी हे सगळं संशोधक नमुना मायक्रोस्कोपखाली ठेवून मोजतात, त्यामुळे छिद्रं दिसावीत म्हणून पाल हातात धरायला जाऊ नका प्लीज, ती घाबरते, शेपूट टाकते. पाठ, बाजू, डोळा आणि बोटं असे लांबून चार फोटो आणि नेमकी जागा एवढं पुरे, आणि त्यावरूनही जीनसच्या पुढे जाता आलं नाही तर नोंदीत फक्त "निमास्पिस" लिहून थांबा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा फक्त फोटोंसाठी कापलाय. आणि हो, साइटवरून पूर्ण चेकलिस्ट एक्सेलमध्ये डाउनलोड करता येते, तेवढी फिरायला जायच्या आधी घेऊन ठेवा, डोंगरात रेंज नसते.