व्यायामाचे कपडे सुती केले: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून आलेला अनुभव

मागच्या उन्हाळ्यापासून मी व्यायामाला पॉलिस्टर जवळजवळ बंद केलं आहे. सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळणं, अधूनमधून जिम आणि सुट्टीच्या दिवशी येळ्ळूरचा राजहंसगड, एवढा माझा व्यायाम. अट एकच ठेवली: अंगाला चिकटून बसणारं कापड सुती हवं. बेळगावचा पावसाळाही त्यातच काढला, म्हणून आता सविस्तर लिहिते.

कारण त्वचेचं होतं. काळ्या आणि गडद निळ्या टाइट्स, टी-शर्ट घातले की कमरेला, मांडीच्या आतल्या बाजूला आणि काखेच्या कडेला लाल, खाजरे चट्टे उठायचे. काखेचा मधला खळगा मात्र स्वच्छ असायचा. डॉक्टरांनी ते बघूनच सांगितलं, "डिओचं असतं तर मधोमध आलं असतं. हे कापड घासतं तिथेच आहे." पाठीवर पॅच टेस्ट झाली, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीने कातडीवर लावून अ‍ॅलर्जी तपासली, तेव्हा डिस्पर्स ब्लू १०६ आणि १२४ या दोन रंगांच्या जागा लाल झाल्या.

हे रंग समजून घेण्यासारखे आहेत. सूत हवेतली ओल वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे पाण्यात विरघळणारे रंग पॉलिस्टरमध्ये शिरतच नाहीत. त्यासाठी डिस्पर्स रंग उष्णतेने धाग्यात घुसवतात. तिथे ते नुसते अडकून बसतात, धाग्याशी रासायनिक बंध होत नाही. घाम आला, अंग तापलं, कापड घासलं की त्यातला थोडा रंग कातडीवर उतरतो. सुतासाठी १९५६ पासून बाजारात असलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग धाग्याशी पक्के जोडले जातात. वडगावात मागांच्या खडखडाटात लहानाची मोठी झाले, पण कापड विकत घेताना रंग कुठल्या जातीचा, हे मी कधी विचारलं नव्हतं. दुकानदारही सांगू शकत नाहीत, कारण लेबलवर फक्त धाग्याची टक्केवारी असते.

बाकीच्या रसायनांबद्दल मला भीती पसरवायची नाही, पण माहिती असायला हवी. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंटल हेल्थ या संस्थेने पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सच्या (स्पॅन्डेक्स म्हणजे ताणला जाणारा धागा) स्पोर्ट्स ब्रा आणि टी-शर्ट तपासले. काहींतून बीपीए हे संप्रेरकांत ढवळाढवळ करणारं रसायन तिथल्या सुरक्षित मर्यादेच्या २२ पटींपर्यंत अंगाला लागू शकतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे ती ब्रा घातली की आजार झाला, असं नाही. पण घामेजलेल्या, घट्ट, तासन्‌तास अंगावर राहणाऱ्या कपड्यासाठी हा आकडा मला चालत नाही. पाणी आणि डाग न धरणाऱ्या कपड्यांवर पीएफएएसचा, म्हणजे निसर्गात सहजी न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा, थर असू शकतो. कॅलिफोर्नियाने २०२५ च्या सुरुवातीपासून अशा कपड्यांच्या विक्रीवर बंदी आणली.

आता प्रत्यक्ष कपडे. हुदलीच्या खादीचा न रंगवलेला तागा आणला. हे स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांड्यांचं बेळगावजवळचं गाव, १९३७ मध्ये गांधीजी इथे राहून गेले. शहापूरच्या आमच्या टेलरमामांनी माप घेतानाच बजावलं, "ताई, खादीला घट्ट माप नको. काखेत उसवतंय बघा." त्यांनी काखेत चौकोनी जोड तुकडा घातला आणि घेर सैल ठेवला. चढाला, चालायला, योगासनांना हा शर्ट उत्तम. पहिल्या धुण्यात चांगला आटला, म्हणून आता कापड आधी रात्रभर भिजवून मगच शिवायला देते. जिममध्ये मात्र मागावर विणलेली खादी ताणली जात नाही, हात वर नेला की ओढतं. तिथे बनियनच्या कापडाचे साधे होजिअरी टी-शर्ट घालते.

ब्रा हा खरा अवघड प्रश्न. पूर्ण सुतीला पळताना आधार राहत नाही. शेवटी ९५ टक्के कॉटन, ५ टक्के स्पॅन्डेक्स, फिकट रंग आणि रबराच्या पट्टीवर कापड चढवलेलं, अशी निवडली. रोज धुऊन पट्टी आता सैल पडायला लागली आहे. पॉलिस्टरवाली यापेक्षा जास्त टिकायची, हे कबूल.

वासाचा फरक मोठा आहे. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठाच्या अभ्यासातही व्यायामानंतर पॉलिस्टरच्या शर्टांना सुतीपेक्षा उग्र वास आला होता, कारण मायक्रोकॉकस जिवाणू पॉलिस्टरवर चांगले वाढतात. माझे जुने शर्ट धुऊन वाळवले तरी घालून तापले की तोच वास परत यायचा. सुतीला तसं होत नाही.

पण जुलै-ऑगस्टात सुतीने रडवलं. चार-चार दिवस ऊन नाही, दोरीवरचे कपडे ओलसर, कुबट. आई म्हणाली, "पंख्याखाली घाल आणि वरून इस्त्री फिरव," तसंच करावं लागलं. पावसात लांब पळताना भिजलेलं सूत जड होतं आणि मांडीला घासून सोलतं. त्या दिवसांत आत सुती चड्डी आणि वर फिकट रंगाची सैल पॉलिस्टर शॉर्ट्स, यावर मी थांबले आहे. वर्षभर सगळं सुतीच घाला, असं मी कुणाला सांगणार नाही.

सुती म्हणून डोळे झाकूनही घेऊ नका. "नो आयर्न" लिहिलेल्या सुती कापडावर बहुतेकदा फॉर्मल्डिहाइडच्या राळेचा थर असतो. "बांबू" म्हणून विकतात तो बहुधा व्हिस्कोस असतो, तो करताना कार्बन डायसल्फाइड वापरतात. ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० चं लेबल दिसलं तर त्याला मी वजन देते, कारण त्यात तयार कापडात घातक रसायनं आहेत का, याची तपासणी असते. आणि कुठलाही नवा कपडा दोनदा धुतल्याशिवाय अंगात घालत नाही.

चट्टे सुती सुरू केल्यावर काही आठवड्यांत ओसरले. मध्ये एका लग्नात काळं पॉलिस्टर अस्तर असलेला ड्रेस दिवसभर घातला, तर कमरेला तेवढ्याच पट्ट्यात परत उठले. बेळगाव किंवा निपाणीत लांब हाताचा, पूर्ण सुती, फिकट होजिअरी टी-शर्ट बायकांच्या मापात कुठे मिळत असेल तर जरूर सांगा. मला अजून पुरुषांचाच आणून कापून घ्यावा लागतो.