कबुतराचा राखाडी, सदाफुलीचा गुलाबी : बारा रंगांची खिशातली पेटी

शहरातले पक्षी रंगवायचे तर पेटीतून राखाडी कसे निघतात ते आधी बघावं, असं माझं ठाम मत आहे. खिडकीच्या कठड्यावरचं कबुतर, तारेवरचा कावळा, वळचणीची चिमणी, सगळी राखाडी-तपकिरी मंडळी. बारा अर्ध्या पॅनची, म्हणजे वाळलेल्या रंगाच्या छोट्या वड्यांची, पत्र्याच्या डबीतली जलरंगांची पेटी मी याच नजरेनं वापरतेय. असा रंगसंच बऱ्याच कंपन्या काढतात, त्यामुळे झाकणावरचं नाव बाजूला ठेवून पॅनच्या वेष्टनावरचे रंगद्रव्यांचे क्रमांक (पीबी, पीआर अशा अक्षरांनी सुरू होणारे) वाचा.

राखाडीच्या बाबतीत पेटी फारच छान. अल्ट्रामरीन, म्हणजे पीबी २९, आणि बर्न्ट सिएना, म्हणजे पीबीआर ७, एवढ्या दोन पॅनमध्ये शहरातले निम्मे पक्षी बसतात. निळा जास्त घेतला की कबुतराच्या पाठीचा थंड राखाडी, तपकिरी वाढवला की चिमणीच्या पोटाचा मळका, ऊबदार रंग. दोन्ही दाट घेतले तर कावळ्याच्या पंखाइतकं गडद मिश्रण होतं, आणि त्यात निळी झाक राहते. कावळ्याचा काळा मला तसाच दिसतो. पेटीतल्या तयार काळ्याला मी हात लावत नाही, त्यानं पक्षी निर्जीव होतो. शिवाय अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळल्यावर दाणेदार दिसतो. पिसांचा पोत त्यातूनच येतो, एकेक पीस काढायची गरज पडत नाही.

खरी परीक्षा कबुतराच्या मानेची. ती हिरवी-जांभळी झळाळी म्हणजे नुसतं रंगद्रव्य नव्हे. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर उजेड पडून ती दिसते, म्हणून पक्ष्यानं मान वळवली की हिरव्याचं जांभळं होतं. मानेचा राखाडी ओला असतानाच थॅलो हिरवा, पीजी ७, आणि किरमिजी शेजारी शेजारी सोडायचे, कागद जरा तिरका धरायचा आणि ब्रश बाजूला ठेवायचा. मध्ये एक बारीक कोरडी फट राखली की चमक येते. थॅलो हिरवा मात्र फार जोरकस आहे, ब्रशचं टोक लागलं तरी पुरतो. आणि कबुतरं माणसाला सरावलेली असतात, तुम्ही शांत उभे राहिलात तर पहिला वॉश वाळेपर्यंत समोर बसतात. रानातला पक्षी एवढी सवड क्वचितच देतो.

फुलांकडे वळलं की पेटी कमी पडते. गुलाबी म्हणून यात जुनं अ‍ॅलिझरिन क्रिमझन आहे, पीआर ८३. ते उजेडात ठेवलं की फिकं पडत जातं, आणि ताजं असतानाही भिंतीच्या फटीत उगवलेल्या सदाफुलीचा स्वच्छ गुलाबी त्यातून निघत नाही, मातकट होतो. बोगनवेलीचंही तेच. आपण जिला तिची पाकळी म्हणतो ते खरं तर रंगीत पान असतं. तशी तीन पानं आणि आत बारीक, पांढुरकी खरी फुलं. तो कागदी पातळपणा एकाच हलक्या थरात यायला हवा, नंतर शिरा ओलसर ब्रशनं उचलून काढायच्या. त्यासाठी क्विनाक्रिडोन गुलाबीच हवा, पीव्ही १९ किंवा पीआर १२२. फुलं रंगवणाऱ्यांसाठीच्या संचात तो नसावा याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पांढऱ्याचं पॅनही दुबळं आहे. जहांगिराच्या दरबारातला उस्ताद मन्सूर पक्षी आणि फुलं अपारदर्शक जलरंगात रंगवायचा, तिथे पांढरा चढवता येतो. पारदर्शक रंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद; मैना उडताना पंखावर दिसणारा पांढरा पट्टा तसाच राखावा लागतो. फक्त डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यासाठी पांढऱ्या गुआशची, म्हणजे अपारदर्शक जलरंगाची, छोटी ट्यूब जवळ असू द्या.

डबीच्या तळाला अंगठ्यात अडकवायची कडी आहे, उभ्यानं काम करताना तिचा फार आधार वाटतो. झाकणातली मिश्रणाची जागा लहान, सोबतचा ब्रश कामचलाऊ. कागदावर मात्र काटकसर नको. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, सुती कागद घ्या, साध्या कार्ट्रिज कागदावर मानेची ती ओली युक्ती साधत नाही, कागद फुगतो.

काळ्याचं पॅन काढून तिथे रिकामं अर्धं पॅन बसवा आणि ट्यूबमधला पीव्ही १९ भरा. एकदम काठोकाठ भरू नका. अर्धं भरून नीट वाळू द्या, मग वरचा थर द्या, म्हणजे रंगाला तडे कमी जातात. एवढा बदल करणार असाल तर ही पेटी जरूर घ्या.