रोमिंगच्या भीतीने सिम बंद ठेवलं आणि १५०९.५५ डॉलर गेले

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. घरातसुद्धा निम्मंच सांगितलंय, कारण सांगताना माझाच आवाज बारीक होतो. पण परवा एका मैत्रिणीने विचारलं की पहिल्यांदाच परदेशात चाललेय, फोनचं काय करू, आणि दुसरीने लगेच सल्ला दिला, अगं विमानात बसतानाच आपलं सिम बंद करून टाक, उतरलीस की ई-सिम (प्लास्टिकच्या कार्डाशिवाय, क्यूआर कोडने फोनमध्ये उतरवायचं सिम) घे, झालं. तेव्हा मात्र राहवलं नाही. मीही असंच घरचं सिम बंद केलं होतं, फक्त विमानात नाही तर उतरल्यावर, आणि माझे १५०९.५५ डॉलर गेलेत. एकेक आकडा खाली लिहितेय, कारण "थोडेफार पैसे गेले" असं म्हणलं की कोणी मनावर घेत नाही.

आधी हे सांगते की मी काही न वाचता-विचारता निघाले नव्हते. रोमिंगची बिलं काय येतात ते नातेवाइकांकडून ऐकलेलं होतं. फोन पर्समध्ये पडून असतो आणि आतल्या आत फोटोंचा बॅकअप चालू असतो, ॲप अपडेट होत असतात, आणि परत आल्यावर बिल बघून माणूस गार पडतो. काही विमानांत आणि जहाजांवर तर त्यांचं स्वतःचं नेटवर्क असतं, एअरप्लेन मोड टाकायला विसरलात की फोन आपणहून ते पकडतो आणि तिथे नेहमीचं रोमिंग पॅक चालतंच असं नाही. युरोपियन युनियनने १५ जून २०१७ पासून रोमिंगचा जादा चार्ज काढला हेही वाचलं होतं, पण तो नियम तिथल्याच देशांतल्या सिमसाठी आहे, बाहेरून येणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, हेसुद्धा मला माहीत होतं. म्हणजे भीती खोटी नव्हती. फक्त त्या भीतीपोटी नक्की काय बंद करायचं आणि काय अजिबात बंद करायचं नाही, एवढंच कोणी नीट सांगितलं नव्हतं.

आम्ही उतरलो रात्री पावणेबाराला. मी आणि आई. आईचे पाय सुजलेले, ती बॅगांवर बसून होती, हॉटेलचा पत्ता मेलमध्ये, आणि मेल उघडायला नेट नाही. सिमची काउंटर बंद झालेली. विमानतळाचं फुकट वायफाय मिळालं, अर्ध्या तासाचं. त्यावर ई-सिम शोधलं आणि पहिला जो रिझल्ट आला तो उघडला. पहिला रिझल्ट म्हणजे जाहिरात असते, बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, हे मला आज कोणी शिकवायची गरज नाही. पण रात्री बारा वाजता, बॅटरी १९ टक्के, आई डोळे मिटून बसलेली, तेव्हा बारीक अक्षरं कोण वाचतं? साइटचं नाव एका प्रसिद्ध ई-सिम कंपनीसारखंच होतं, फक्त मधलं एक अक्षर जास्तीचं. दिसायला हुबेहूब. देशांचे झेंडे, दहा जीबी, पंधरा दिवस, २४.९० डॉलर. कार्ड टाकलं, घरच्या सिमवर ओटीपी आला (सिम तेव्हा चालू होतं, हे लक्षात ठेवा), पैसे गेले आणि दोन मिनिटांत मेलवर क्यूआर कोड आला. क्यूआर आलाय म्हणल्यावर संशय घ्यायला जागाच उरली नाही.

क्यूआर स्कॅन केला तर कोड चालेना. आता मला माहितीय की ई-सिमचा क्यूआर साधारणपणे एकदाच वापरता येतो, त्यात कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आणि एक कोड एवढंच असतं, आणि तो एकदा एखाद्या फोनमध्ये उतरला की संपला. मला पाठवलेला आधीच कुठेतरी वापरलेला असणार. तेव्हा वाटलं वायफाय कमजोर असेल. मेलमध्ये सपोर्टची चॅटची लिंक होती. रात्री साडेबाराला लगेच उत्तर! आता विचार करा, खऱ्या कंपनीने कधी रात्री साडेबाराला वीस सेकंदांत उत्तर दिलंय का? पण मला मात्र त्या वेळी चक्क हायसं वाटलं होतं.

चॅटवरच्या माणसाने आधी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, मागितला. *#०६# डायल केलं की पंधरा आकडे येतात, ते दिले. मग म्हणाला, मॅम, तुमचा फोन या देशात रजिस्टर करावा लागेल, त्यासाठी एक डॉलर व्हेरिफिकेशन, लगेच परत मिळेल. लिंक आली. पानावर ठसठशीत १.०० डॉलर. कार्डाचे आकडे परत टाकले. घरच्या सिमवर मेसेज आला आणि कीबोर्डच्या वर ते सहा आकडे आपोआप आले, आजकाल सगळ्या फोनमध्ये येतात तसे, आणि मी त्यावर बोट ठेवलं.

इथेच थांबायला हवं होतं. हा क्षण मी नंतर शंभर वेळा आठवलाय. मी मेसेज उघडलाच नाही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, ४८६.५० डॉलर, आणि खाली कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानासारखं नाव. सकाळी तो मेसेज वाचला तेव्हा पोटात खड्डा पडला. बँकेने आपलं काम केलं होतं, रक्कम लिहून पाठवली होती, आणि फोनने मला ते वाचायची वेळच येऊ दिली नाही, नुसते आकडे काढून बोटाखाली ठेवले. परदेशात काय किंवा घरी काय, तो आपोआप येणारा आकडा वापरू नका. मेसेज उघडा, रक्कम वाचा, कोणाला जातायत ते वाचा, मग हाताने टाईप करा. दहा सेकंद जातात.

पण खरी मेख पुढे आहे. तो म्हणाला, आता रजिस्ट्रेशन सुरू आहे, सकाळपर्यंत ई-सिम चालू होईल, तोपर्यंत तुमचं घरचं सिम सेटिंगमधून पूर्ण बंद ठेवा, नाहीतर दोन्ही सिम एकमेकांना अडवतील आणि शिवाय तुम्हाला रोमिंगचं बिल पडेल.

हे ऐकून मला तो माणूस चांगला वाटला! माझ्या बिलाची काळजी करतोय म्हणून मी त्याला थँक्यू लिहिलं. अहो, दोन सिमचा फोन बनवलाच कशासाठी आहे, दोन्ही एकावेळी चालावीत म्हणूनच ना. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण सगळ्यांनी निघताना तेच सांगितलेलं, सिम बंद कर, सिम बंद कर, मग त्याचं बोलणं वेगळं वाटलंच नाही. माझ्या मनात आधीच होतं तेच तो बोलला. रात्री एक दहाला मी लाइन बंद केली, पत्ता कागदावर लिहून घेतला, टॅक्सी केली, हॉटेलवर आलो. मी फोन हातात घेऊन बसले होते तर आई म्हणाली, अगं झोप आता, सकाळी बघ काय ते. झोपले.

सकाळी दहा वीसला आठवण झाली की ई-सिम काही चालू झालेलं नाही, म्हणून हॉटेलच्या वायफायवर चॅट उघडली तर चॅटच गायब. तेव्हा घरचं सिम चालू केलं. दोन मिनिटं काही नाही आणि मग मेसेज एकामागून एक पडायला लागले. एक बत्तीसला १९९.०० डॉलर. एक तेहतीसला १९९.००. एक पस्तीसला १९९.००. दोन दहाला ३१२.४०. चार अठ्ठेचाळीसला ८८.७५. पाचही ओटीपी न मागता. कारण बाहेरच्या बऱ्याच वेबसाइट्सवर नुसता कार्ड नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे असले की पैसे जातात, ओटीपी विचारतच नाहीत. या पाचांचे ९९८.१५, आधीचे ४८६.५०, आणि त्या न चाललेल्या ई-सिमचे २४.९०. बेरीज वर लिहिलीच आहे.

पहिल्या १९९ चा मेसेज आला असता तेव्हा आम्ही टॅक्सीत होतो, मी जागी होते, फोन हातात होता. मी तिथल्या तिथे कार्ड बंद केलं असतं. बँक ओरडून ओरडून सांगत होती आणि मी स्वतःच्या हाताने कान बंद करून घेतले होते, तेही बिल वाचवायला. म्हणून सांगते, बंद करायचं ते डेटा रोमिंग, म्हणजे घरच्या सिमवरचं परदेशातलं नेट. तेवढं एकच बटण. लाइन चालू ठेवायची. येणारे एसएमएस रोमिंगमध्ये बहुतेक कंपन्यांकडे फुकट असतात, निघायच्या आधी आपल्या कंपनीला विचारून लेखी घ्या. कॉलची भीती वाटत असेल तर अनोळखी कॉल उचलू नका, येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात, पण सिम बंद करू नका.

आता पुढचं. याचा राग मला त्या चोरापेक्षा जास्त आहे.

बँकेचा टोल फ्री नंबर परदेशातून लागत नाही. कार्डाच्या मागे छापलेला बारीक नंबर देशाच्या कोडसकट लावला तर लागला, आणि मग भाषेसाठी एक दाबा, कार्डासाठी तीन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तीन वेळा कॉल केला, मिळून ४७ मिनिटं, दोनदा आपोआप कट. ज्या रोमिंग बिलाच्या भीतीने हे सगळं झालं ते बिल मी बँकेच्या होल्डवर भरलं, ६१.१० डॉलर, ते वरच्या रकमेत धरलेले नाहीत. तिसऱ्या वेळी माणूस मिळाला त्याने पहिलं वाक्य काय म्हणावं? "मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकलाय ना?" मी रडायच्या बेतात होते आणि हा माणूस मला पकडल्यासारखा बोलत होता. आणि एवढं सगळं झाल्यावर तोच म्हणाला की कार्ड बंद करायचं बटण बँकेच्या ॲपमध्ये असतं, नुसत्या वायफायवर चाललं असतं. मग ही गोष्ट कार्डावर का छापत नाही? होल्डवर गाणं वाजवण्याऐवजी हे एक वाक्य का ऐकवत नाही? निघायच्या आधी घरी बसून ते बटण शोधून ठेवा, एकदा दाबून, परत चालू करून बघा.

तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो. अर्धा दिवस गेला. तिथले म्हणाले, कार्ड तुमच्या देशातल्या बँकेचं, तक्रार तिकडे करा. घरी आल्यावर सायबर विभागात गेले, तर म्हणाले, गुन्हा परदेशात घडला, तिकडच्या पोलिसांचा कागद आणा. तिकडच्यांनी कागद दिलाच नव्हता! आणि तत्काळ तक्रारीसाठी तो जो छोटा हेल्पलाइन नंबर असतो तो तिकडून लावून बघितला होता, लागत नाही, कारण असे छोटे नंबर ज्या देशात आहेत तिथेच चालतात. म्हणजे लुबाडले जाण्याची शक्यता जिथे सगळ्यात जास्त, तिथूनच हेल्पलाइन लागत नाही. हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही का? मी आपली ऑनलाइन तक्रार टाकली. तक्रार नंबर मिळाला. बाकी काही नाही.

मोबाईल कंपनीचं तर विचारूच नका. ई-सिम आमचं नाही, आमच्या बाजूने रोमिंग व्यवस्थित होतं, धन्यवाद, आम्हाला पाच स्टार द्या.

आजची स्थिती अशी. ओटीपीवाले ४८६.५० बँकेने सरळ नाकारलेत. २४.९० चं तर कोणी नावही काढत नाही. बाकीच्या पाच व्यवहारांवर चार्जबॅक (कार्डावरून गेलेले पैसे परत मागायचा अर्ज) टाकलाय, पण बँक म्हणते मेसेज आम्ही लगेच पाठवले होते, तुम्ही नऊ तासांनी कळवलं, उशीर का झाला त्याचा पुरावा द्या. म्हणजे माझं सिम रात्री एक दहा ते सकाळी दहा वीस नेटवर्कवर नव्हतं हे मी सिद्ध करायचं. मोबाईल कंपनी म्हणते असला रेकॉर्ड पोलिसांच्या पत्राशिवाय देत नाही. पोलीस म्हणतात बँकेने मागितलंय तर बँकेनेच पत्र द्यावं. दोन वेळा मेल केलेत, दोन्ही वेळा तोच छापील फॉर्म परत आलाय.

मैत्रिणीला मी सांगितलंय की ई-सिम घ्यायचं तर घरी बसून घे, स्वतः पत्ता टाईप करून साइट उघड, जाहिरातीवरून नको, निघायच्या आधीच फोनमध्ये उतरवून ठेव. क्यूआर चालला नाही तर पैसे परत माग, "व्हेरिफिकेशन" म्हणून एक पैसा देऊ नकोस. परदेशासाठी वेगळं कार्ड ने, लिमिट कमी करून. आणि बँकेचा देशाच्या कोडसकटचा नंबर कागदावर लिहून आईच्या पर्समध्येसुद्धा ठेव.

कोणाला मोबाईल कंपनीकडून सिम बंद असल्याचं असं पत्र कधी मिळालं असेल तर कोणत्या खात्याला लिहिलं होतं आणि किती दिवसांत मिळालं ते प्लीज कळवा. बँकेने मला येत्या शुक्रवारपर्यंतच मुदत दिलीय.