अलिबाग ते रत्नागिरी : चार खाड्या, चार फेरीबोटी

अलिबागहून स्वतःच्या गाडीने रत्नागिरीला जायचं असेल आणि शनिवार सबंध मोकळा असेल, तर महामार्गाच्या वाटेला जाऊच नका. रेवदंड्यावरून मुरूडच्या रस्त्याला लागा आणि आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेरीबोटी धरत किनाऱ्याने खाली उतरा. आम्ही नुकतेच तसे गेलो. कॉलेजातला मित्र आणि त्याची बायको रत्नागिरीत स्थायिक झालेत, त्यांच्याकडे एका रात्रीचा मुक्काम होता. त्याचा फोनवरून सल्ला असा : "अरे, कशाला खाड्या मोजत बसतोस? हायवेने ये, दुपारच्या जेवणाला पोचशील." आम्ही पोचलो दिवेलागणीला. तरी पुढच्या वेळीही असाच जाईन.

कारण सांगतो. बरोबर आई होती. सलग गाडीत बसवलं की तिचे पाय सुजतात, आणि वळणं लागली की ती बोलायचीच बंद होते. ते जास्त वाईट. या रस्त्याने दीड-दोन तास झाले की खाडी येते. गाडी बोटीवर लावायची आणि उतरायचं. आई कठड्याला धरून उभी राहायची आणि शेजारच्या बाईशी मिनिटभरात ओळख काढायची. बागमांडल्याच्या बोटीवर एका कोळणीच्या टोपलीतले बांगडे तिने कल्ले उघडून पाहिले, भाव पाडला, आणि मग "आम्ही पाहुणे चाललोय गं" म्हणून सोडून दिले. ती मावशीही काही रागावली नाही.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी : बोट म्हणजे पाण्यावर तरंगणारं सपाट अंगण. तोंडाशी लोखंडी फळी असते, ती धक्क्यावर टेकते आणि तिच्यावरून गाड्या चढतात. मोटारसायकली, रिक्षा, टेम्पो, कधी अख्खी बस. गाडीचं तिकीट वेगळं, माणसांचं वेगळं. खरी करामत खलाशाची. शिट्टी तोंडात, एक हात हवेत, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडे मारा, बस्स!" आणि पुढच्या गाडीच्या बंपरपासून वीतभर अंतरावर आपली गाडी उभी. मग तो चाकाखाली लाकडी ठोकळा सरकवतो आणि पुढच्याकडे वळतो. माझ्या बायकोने धोपाव्याला स्टिअरिंग घेतलं होतं. तिला त्याने माझ्यापेक्षा कमी वेळा ओरडून सांगितलं, हे तिने रत्नागिरीपर्यंत ऐकवलं.

चारही फेऱ्या सारख्या नाहीत. बागमांडल्याची छोटी, सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड संपून रत्नागिरी जिल्हा लागतो, एवढंच तिचं कौतुक. दाभोळची फेरी २००३ साली सुरू झाली, आणि ती नसती तर दापोलीहून गुहागरला जायला खेड-चिपळूणचा मोठा वळसा पडला असता. आज शाळेतली पोरं, रुग्ण, आंब्याच्या पेट्या सगळं तिच्यावरूनच जातं, त्यामुळे ती पर्यटकांची कमी आणि गावकऱ्यांची जास्त वाटते. बोटीवरून पलीकडे वीजप्रकल्प दिसतो. आमच्या पिढीला दाभोळ हे नाव एन्रॉनमुळे वर्तमानपत्रातून कळलं. प्रत्यक्षात गाव केवढं जुनं बंदर, ते तिथल्या दगडी मशिदीसमोर उभं राहिल्यावर कळतं.

सगळ्यात देखणी तवसाळ-जयगड. शास्त्री नदीचं मुख इथे चांगलं रुंद आहे, एका बाजूला उघडा समुद्र, समोर जयगडचा किल्ला. उन्हं कलायच्या सुमारास जा. फोटो काढण्यासाठी माझ्यासकट सगळे एका बाजूला जमले तेव्हा खलाशाने पुन्हा शिट्टी मारली.

आता खटकलेलं. चारपैकी एका धक्क्यावर स्वच्छतागृह होतं, पण आत पाणी नव्हतं. आईसारख्या वयाच्या माणसाला हा प्रश्न मोठा असतो. वेळापत्रकाचा फलक उन्हाने इतका उडालेला की शेवटची फेरी किती वाजता ते टपरीवाल्याला विचारावं लागलं. बोट भरल्यावर गाड्या इतक्या चिकटून लागतात की दार उघडत नाही, म्हणून माणसांना आधीच उतरवा. ओहोटीला फळीचा उतार तीव्र होतो. खालून बुटकी गाडी असेल तर घासते, तेव्हा तिरकी चढवा. पावसाळ्यात वारा फार असला की फेरी बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. निघण्याआधी फोन करून विचारा. पेट्रोल श्रीवर्धन, दापोली, गुहागर यांपैकी कुठेतरी भरून घ्या, मधल्या गावांच्या भरवशावर राहू नका.

जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या रस्त्याने तासा-दीड तासात रत्नागिरी. मित्राच्या बायकोने तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण आणि सोलकढी तयार ठेवली होती. रात्री मांडवीच्या धक्क्यावर गप्पा, रविवारी सकाळी थिबा पॅलेस, आणि दुपारी निघालोसुद्धा. परत येताना महामार्गच धरला, सोमवारी आठला ड्युटी होती. एका दिवसात चार बोटी पुरे. दोन दिवसांत आठ म्हटल्या असत्या तर बायकोने मला वेश्वीलाच उतरवलं असतं.

लहान मुलं, वयस्क माणसं आणि घाई नसलेला ड्रायव्हर असेल तर पाचपैकी साडेचार. अर्धा त्या कोरड्या नळाचा कापला.