दीपमाळेवरचे तारे: तासाभराचं एकच एक्स्पोजर की सव्वाशे छोट्या फ्रेम?

गावाबाहेरच्या देवळासमोर दीपमाळ आहे, कॅमेरा आणि ट्रायपॉड हाताशी आहे, आणि ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेघा त्या दगडी माथ्यावर टिपायच्या आहेत. इथवर ठरलं की प्रश्न उरतो तो असा: तासभर शटर उघडं ठेवून एकच फोटो काढायचा, की तीस-तीस सेकंदांच्या शे-सव्वाशे फ्रेम काढून घरी आल्यावर त्या जोडायच्या? मी दोन्ही केलंय. कॅमेरा डिजिटल असेल तर फ्रेम जोडा, असंच मी सांगेन. का, ते पुढे आहे.

आधी उभं कुठे राहायचं ते बघू, कारण ते दोन्हींत सारखंच. ध्रुव आपल्या अक्षांशाइतकाच उंचावर दिसतो. पुण्यात साडेअठरा अंश, नागपुरात एकवीस. हात पूर्ण लांब करून मुठीवर मूठ ठेवली की दुसऱ्या मुठीच्या जवळपास तो सापडतो. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, म्हणून शर्मिष्ठा या तारकासमूहावरून शोधा. ध्रुव दीपमाळेच्या टोकावर बसवायचा तर तिच्या दक्षिणेला, तिच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरावर उभं राहायचं. वीस फुटी दीपमाळ असेल आणि कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांवर असेल, तर वरच्या अठरा फुटांच्या तिप्पट, म्हणजे चोपन्न फूट. नागपूरकडे हे अंतर अडीच पटीच्या आसपास येतं, सिंधुदुर्गात साडेतीन पट. ध्रुव इतका खाली असणं ही आपल्याकडची मोठी सोय आहे. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ लेन्समध्येसुद्धा दीपमाळ आणि ध्रुव दोन्ही आरामात मावतात.

आता मूळ फरक. तारा सेन्सरवर एका जागी थांबत नाही, तासाला १५ अंश या वेगानं सरकत राहतो. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर रेघ लांब होते, उजळ होत नाही. आकाशाचा उजेड मात्र प्रत्येक ठिपक्यावर साचत जातो. तो आवरायला एकाच एक्स्पोजरमध्ये अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करावं लागतं (एफचा आकडा जितका मोठा, तितकं ते बारीक) आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, उतरवावा लागतो. एफ २.८, आयएसओ १६०० आणि ३० सेकंदांना आकाश जेवढं उजळ येतं, साधारण तेवढंच ते एफ ८, आयएसओ १०० आणि तासाभराला येतं. पण रेघा? त्या सव्वाशे पटींहून फिक्या. मंद तारे तर उमटतच नाहीत. फ्रेम जोडताना सॉफ्टवेअर प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ ठिपका घेतं, त्यामुळे आकाश ३० सेकंदांच्याच उजेडाचं राहतं आणि रेघा पूर्ण तासाच्या मिळतात. वेशीवर एलईडीचा खांब आणि क्षितिजावर तालुक्याच्या गावाचा पिवळा उजेड, ही आज आपल्या बहुतेक गावांची स्थिती आहे. तिथे हा फरक फोटो मिळण्या-न मिळण्याचाच असतो.

दुसरं कारण मला एका मार्गशीर्ष अमावास्येला कळलं. तासाभराचं एक्स्पोजर लावलं होतं, बावन्न मिनिटं झाली होती. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायला निघालेला एक जण मोटारसायकलवरून वळणावर आला आणि हेडलाइट थेट लेन्सवर पडला. सगळी मेहनत पांढरी झाली. पुढच्या अमावास्येला त्याच जागी फ्रेम जोडायच्या पद्धतीनं काढलं, तेव्हाही गाडी आलीच, पण दोनच फ्रेममध्ये. तेवढा भाग काळ्या ब्रशनं झाकला, काम झालं. विमानांच्या रेघाही अशाच पुसता येतात. लेन्सवर दव धरलं तर आधीच्या चांगल्या फ्रेम तरी हातात राहतात.

एका एक्स्पोजरच्या बाजूनंही सांगण्यासारखं आहे. रेघ कुठेही तुटत नाही, संगणकावर बसावं लागत नाही, फाइल एकच. जुना यांत्रिक फिल्म कॅमेरा असेल तर हीच वाट, आणि त्याला शटर उघडं ठेवायला बॅटरीही लागत नाही. काही स्पर्धांत जोडलेले फोटो चालत नाहीत. आणि भोवती खरोखर अंधार असेल, तर अ‍ॅपर्चर मोठं ठेवून अर्ध्या तासाचं एक्स्पोजर फार देखणं येतं. मात्र डिजिटलमध्ये सेन्सर तापून रंगीत ठिपके येतात. ते घालवणारी नॉइज रिडक्शन चालू ठेवली तर कॅमेरा तेवढाच वेळ पुन्हा शटर बंद ठेवून बसतो. तासाच्या फोटोला दोन तासांची बॅटरी.

फ्रेम जोडायच्या असतील तर हीच नॉइज रिडक्शन आठवणीनं बंद करा, नाहीतर प्रत्येक रेघ तुटक ठिपक्यांची होते. शटर ३० सेकंद, कंटिन्युअस मोड (एकामागून एक फ्रेम), आणि केबल रिलीजचं, म्हणजे वायरनं जोडलेलं शटरचं बटण लॉक. दोन फ्रेममधलं अंतर जेमतेम राहतं. १२० फ्रेम म्हणजे एक तास. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये तीन-चार जीबी जागा धरून चला. जोडायला स्टारस्टॅक्स फुकट मिळतं, त्यात बारीक फटी भरण्याचीही सोय आहे.

त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळ पेटते, आणि नेमका तेव्हाच पूर्ण चंद्र असतो. तासाभराचं एक्स्पोजर त्या रात्री विसराच. दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम घ्या, आयएसओ ४०० च्या आसपास. रेघा ठळक ताऱ्यांच्याच येतील. जोडताना पणत्यांचा भाग एकाच फ्रेममधून घ्या, कारण ज्योती हलतात आणि सगळ्या फ्रेम मिळून त्यांचे पांढरे गोळे होतात. गुरवांना आधी विचारून ठेवा, आणि तेल संपून शेवटची पणती विझेपर्यंत कॅमेरा थांबवू नका. विझल्यानंतरच्या फ्रेममध्ये चांदण्यात न्हालेला दगड मिळतो, पणत्या ठेवायचा एकेक दगडी हात सुटा दिसतो.