आठ महिने फ्रीस्टँडिंग जीसीसी: मेमसेटने काढलेला घाम (३ स्टार)

जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर; फ्रीस्टँडिंग म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि नेहमीची सी लायब्ररी नसलेल्या बोर्डासाठी तो वापरणं. रिलीज बिल्ड (ऑप्टिमाइझ केलेला) बर्न केला की बोर्ड सारखा रीसेट, डीबग बिल्ड (ऑप्टिमाइझ न केलेला) मात्र ठणठणीत. पावसाळ्यात नवी मुंबईत महापे-रबाळ्याकडे अशा वेळी पहिला संशय ओलीवर, दुसरा पॉवर सप्लायवर. दोन-चार कपॅसिटर उगाच बदलले जातात. त्याऐवजी ऑब्जडम्प (तयार झालेल्या मशीन कोडची यादी) काढून स्वतः लिहिलेलं मेमसेट (मेमरीचा तुकडा एकाच किमतीने भरणारं फंक्शन) बघा. साधा व्हाइल लूप लिहिलेला असतो, पण तिथे लूपच नाही. 'बीएल मेमसेट', म्हणजे मेमसेटलाच कॉल, बसलंय: लूप मेमसेटचंच काम करतोय हे ओळखून कंपायलरने त्याच्या जागी तो घातला. फंक्शन स्वतःलाच बोलावतं, स्टॅक संपतो, हार्डफॉल्ट (प्रोसेसरचा गंभीर एरर) येतो आणि वॉचडॉग (अडकलेला बोर्ड रीसेट करणारा टायमर) बोर्ड उठवतो. पुन्हा तेच.

कंपायलरला 'एफ-फ्रीस्टँडिंग' हा पर्याय दिला की 'नो-बिल्टिन' हाही आपोआप लागू होतो, म्हणून बिनधास्त राहू नका. त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही स्ट्रलेन (स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन) लिहिलंत तर ते लायब्ररीतलंच, असं कंपायलर धरून चालत नाही. स्वतःच्या मनाने कॉल घालायचा हक्क तो सोडत नाही. मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट, मेमकम्प (मेमरी कॉपी करणं, हलवणं, भरणं, ताडून पाहणं) ही चार फंक्शन्स तुम्हीच पुरवायची, असं मॅन्युअलमध्ये स्पष्ट आहे. मोठं स्ट्रक्ट नुसतं असाइन केलं तरी मेमकॉपी मागतो. 'नो-स्टडलिब' (नेहमीच्या लायब्ररी न जोडण्याचा पर्याय) असेल तर लिंकर तिथेच अडतो, आणि लिबजीसीसी (जीसीसीची स्वतःची मदतनीस लायब्ररी) जोडून ही चार मिळत नाहीत.

उपाय: लूपचा असा कॉल होणं बंद करणारा 'एफ-नो-ट्री-लूप-डिस्ट्रिब्यूट-पॅटर्न्स' हा पर्याय, तोही फक्त या चौघांच्या फाइलला. आधी तो सगळ्या प्रोजेक्टला लावणंच बरं वाटत होतं. ते मत बदललं: बाकीच्या कोडमध्ये लूपचं मेमसेट झालेलं फायद्याचंच असतं. एलटीओ (लिंक करताना सगळा प्रोग्रॅम एकत्र ऑप्टिमाइझ करणं) वापरत असाल तर या फंक्शन्सना 'यूज्ड' अ‍ॅट्रिब्यूट द्या, नाहीतर कॉल यायच्या आधीच ती निरुपयोगी समजून उडवली जातात.

'नो-बिल्टिन'ची किंमतही मोजावी लागते. कॉर्टेक्स-एम४ (एआरएमचा मायक्रोकंट्रोलर प्रोसेसर) वर चार बाइटची मेमकॉपी एक लोड, एक स्टोअर एवढीच हवी; इथे पूर्ण फंक्शन कॉल पडतो. हेडरमध्ये मेमकॉपीचा मॅक्रो करून 'अंडरस्कोअर-अंडरस्कोअर-बिल्टिन-मेमकॉपी'कडे वळवलं की काम होतं.

क्लँगवर (दुसऱ्या सी कंपायलरवर) जायचा विचार असेल तर जपून. एआरएम बेअर-मेटलला (ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय) तो 'एईएबीआय-मेमसेट' मागतो, आणि त्यात दुसरा आर्ग्युमेंट आकार, तिसरा भरायची किंमत; नेहमीच्या मेमसेटच्या उलट. नेहमीच्या मेमसेटला नुसतं नवं नाव चिकटवलंत तर लिंक विनातक्रार होईल, पण भरायची किंमत शून्य असेल तेव्हा एकही बाइट भरला जाणार नाही.